२१४७४८३६४७ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी संध्याकाळी प्रोग्रॅमिंगचे वर्ग घेतो. दर बॅचमध्ये कधी ना कधी कुणीतरी स्क्रीनकडे बोट दाखवून विचारतं, "सर, हा आकडा कुठून आला?" बहुतेक वेळा तो आकडा हाच असतो. तेच तेच पुन्हा सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं, म्हणून ही प्रश्नोत्तरं. गणिताचा भाग नकोसा वाटला तर गाळा, पण भास्कराचार्यांचा गाळू नका.

ही संख्या वाचायची कशी?

आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम दिले तर २,१४,७४,८३,६४७. म्हणजे दोन अब्ज, चौदा कोटी, चौऱ्याहत्तर लाख, त्र्याऐंशी हजार, सहाशे सत्तेचाळीस. बँकेतला माणूस 'दोनशे चौदा कोटी' म्हणून सुरुवात करेल, तेही बरोबरच.

गणिताच्या भाषेत तिचं नाव फार सुटसुटीत आहे : २ चा ३१वा घात, वजा एक. एकतीस वेळा दोन लिहून गुणाकार करायचा आणि शेवटी एक काढून घ्यायचा. पुढे मी हे २^३१ − १ असं लिहितो.

आमच्या यादीत सगळ्यांचा मोबाइल नंबर हाच दिसतोय. असं का?

हे माझ्या हातूनच घडलेलं आहे. गणपतीच्या वर्गणीची नोंद वहीत नको, कॉम्प्युटरवर करू, असा उत्साह मीच दाखवला होता. रात्री बसून तक्ता तयार केला : नाव, मजला, रक्कम, मोबाइल. मुलांनी चार दिवस घरोघर फिरून नोंदी भरल्या. पाचव्या दिवशी यादी छापली तर नावं वेगळी, रकमा वेगळ्या आणि मोबाइल मात्र पहिल्या मजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांचा एकच, २१४७४८३६४७. खजिनदार म्हणाले, "अरे, हा कुणाचा नंबर? याच्याकडून वर्गणी घेतली का?"

चूक सोपी होती. मोबाइलच्या रकान्याचा प्रकार मी 'पूर्णांक' ठेवला होता. अशा साध्या पूर्णांकात मावणारी सगळ्यात मोठी संख्या २१४७४८३६४७. आपल्याकडचे मोबाइल नंबर दहा अंकी असतात आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे झाडून सगळे या मर्यादेच्या वर. काही डेटाबेस त्यांच्या सैल सेटिंगमध्ये अशा वेळी तक्रार न करता जे मावेल त्यातलं मोठ्यात मोठं टाकून मोकळे होतात. मूळ नंबर तिथल्या तिथे हरवतो, तो परत मिळत नाही. मुलांना पुन्हा घरोघर पाठवावं लागलं.

फोन नंबर, पिनकोड, आधार क्रमांक यांची कधी बेरीज-वजाबाकी करायची नसते, त्यामुळे ते मजकूर म्हणून साठवावेत. मला हे अक्कलखाती शिकावं लागलं.

पण मर्यादा नेमकी याच आकड्यावर का? गोल आकडा का नाही?

संगणकाच्या दृष्टीनं हा गोलच आकडा आहे. त्याच्याकडे दहा अंक नसतात, दोनच असतात, ० आणि १. साध्या पूर्णांकासाठी तो ३२ घरं राखून ठेवतो. त्यातलं डावीकडचं पहिलं घर संख्या ऋण की धन हे सांगतं. उरलेल्या ३१ घरांत सगळीकडे १ भरला की झाली २१४७४८३६४७. आपल्या ९९९९९ चा हा द्विमान पद्धतीतला भाऊ.

जुन्या स्कूटरचा मीटर आठवा. ९९९९९ किलोमीटर झाले की पुढच्या किलोमीटरला सगळी चाकं फिरून ०००००. इथेही तसंच होतं, फक्त चाकं फिरताना शेवटचा हातचा जाऊन बसतो तो नेमका चिन्हाच्या घरात. म्हणून २१४७४८३६४७ मध्ये १ मिळवला की शून्य येत नाही, −२१४७४८३६४८ येतं. ऋण बाजूला एक संख्या जास्त मावते, कारण शून्याची जागा धन बाजूच्या वाट्यातून जाते.

वर्गात मी हे ४६३४१ चा वर्ग करायला लावून दाखवतो. ४६३४० चा वर्ग २१४७३९५६००, तो आरामात मावतो. ४६३४१ चा वर्ग खरं तर २१४७४८८२८१, पण साध्या पूर्णांकात बहुतेक यंत्रं उत्तर देतात −२१४७४७९०१५. दोन धन संख्यांचा गुणाकार ऋण आलेला पाहून पोरं हसतात. हा ४६३४० लक्षात ठेवा, अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका गणितात तो परत भेटणार आहे.

ही मूळ संख्या आहे म्हणून संगणकवाल्यांनी निवडली का?

नाही. ३२ घरांमधून चिन्हाचं एक वजा केलं की ३१ उरतात, एवढंच कारण. ती मूळ संख्या निघाली हा निव्वळ योगायोग. ६४ घरांच्या पूर्णांकाची मर्यादा २^६३ − १, म्हणजे ९२२३३७२०३६८५४७७५८०७, आणि ती मुळीच मूळ नाही. तिला ७ ने भाग जातो, तोही दोनदा.

एका कामात मात्र संगणकाला तिच्या मूळ असण्याचा खरोखर फायदा झाला. ते पुढे येईल.

ती मूळ आहे हे आधी कुणी सांगितलं?

सांगितलं पुष्कळांनी, सिद्ध केलं एकानंच.

इटलीतल्या बोलोन्याच्या पिएत्रो काताल्दीनं २^१७ − १ आणि २^१९ − १ मूळ असल्याचं मेहनतीनं दाखवलं. त्या जोरावर १६०३ साली छापलेल्या पुस्तकात त्यानं २३, २९, ३१ आणि ३७ हे घातसुद्धा मूळ संख्या देतात असं ठोकून दिलं. चारांतला एकच नेम लागला, ३१ चा. २^२३ − १ ला ४७ ने, २^२९ − १ ला २३३ ने आणि २^३७ − १ ला २२३ ने भाग जातो.

पुढे १६४४ मध्ये पॅरिसचा धर्मगुरू मॅरँ मर्सेन यानं २५७ पर्यंतच्या घातांची यादी दिली. तीत ३१ होता, पण ६७ आणि २५७ हे चुकीचे घात शिरले होते आणि ६१, ८९, १०७ हे बरोबर घात राहून गेले होते. तरी या जातीच्या संख्यांना नाव मिळालं ते मर्सेनचंच. आपली संख्या ही आठवी मर्सेन मूळ संख्या. तिच्या आधीचे घात २, ३, ५, ७, १३, १७ आणि १९.

सिद्धता दिली लेओनार्ड ऑयलरनं, १७७२ साली, योहान बर्नोलीला लिहिलेल्या पत्रात. हा बर्नोली घराण्यातला तिसरा योहान. त्या घरात योहान फार, त्यामुळे गोंधळ होतो. ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्गला होता. उजवा डोळा तरुणपणीच गेलेला, डाव्यात मोतीबिंदू, त्यावर १७७१ मध्ये केलेली शस्त्रक्रिया वाया गेलेली. म्हणजे हे काम जवळजवळ आंधळ्या माणसाचं आहे.

मग त्यानं ४६३४० पर्यंतच्या सगळ्या संख्यांनी भागून पाहिलं?

नाही, आणि गंमत तिथेच आहे. एखाद्या संख्येला विभाजक असेल तर एक तरी तिच्या वर्गमुळाच्या आत सापडतोच. आपल्या संख्येचं वर्गमूळ ४६३४० आणि थोडं वर. तोवरच्या मूळ संख्या पावणेपाच हजारांहून जास्त. एवढे भागाकार करत बसायचे तर डोळे असलेला माणूसही कंटाळेल. ऑयलरनं आधी दोन चाळण्या लावल्या.

पहिली चाळणी. समजा 'प' नावाची मूळ संख्या आपल्या संख्येला नि:शेष भागते. म्हणजे २^३१ ला प ने भागलं तर बाकी १. आता १ पासून दुप्पट करत चला, दर वेळी प ने भागा आणि बाकी तेवढी ठेवा. ३१ दुपटींनंतर तुम्ही परत १ वर येता. ३१ ही स्वतः मूळ असल्यामुळे हे चक्र याहून लहान असू शकत नाही. लहान चक्राची लांबी ३१ ला भागणारी असावी लागेल आणि तशी लांबी फक्त १. फर्माच्या नियमाप्रमाणे प − १ दुपटींनंतरही १ वरच यायला हवं. तेव्हा प − १ ला ३१ ने भाग गेलाच पाहिजे. प विषम, म्हणून प − १ सम, म्हणजे भाग जातो तो ६२ ने. एका फटक्यात बहुतेक संख्या बाद.

दुसरी चाळणी. २^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा ६५५३६ चा वर्ग. म्हणजे प च्या जगात २ हा कुणाचा तरी वर्ग ठरतो. ज्या मूळ संख्यांच्या बाबतीत असं होतं त्यांना ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते.

दोन्ही चाळण्या एकावर एक ठेवल्या की प ची दोनच रूपं शिल्लक राहतात : २४८ च्या पटीत १ मिळवून येणारं किंवा २४८ च्या पटीत ६३ मिळवून येणारं. ४६३४० च्या आत पहिल्या रूपाच्या १८६ संख्या आणि दुसऱ्या रूपाच्या, खुद्द ६३ धरून, १८७. एकूण ३७३. त्यांतल्याही ३, ५, ७ वगैरेंनी जाणाऱ्या काढल्या की ऐंशीच्या आसपास मूळ संख्या उरतात. पावणेपाच हजारांचे ऐंशी झाले. एवढे भागाकार करता येतात.

मला थोडे भागाकार स्वतः करून पाहायचे आहेत.

जरूर करा, कॅल्क्युलेटर न घेता. दुसऱ्या रूपाच्या संख्या ६३, ३११, ५५९, ८०७, १०५५, १३०३ अशा जातात. ६३ तर उघडच गेली. ५५९ म्हणजे १३ × ४३, ८०७ ला ३ ने भाग जातो, १०५५ ला ५ ने. राहिल्या ३११ आणि १३०३. पहिल्या रूपात २४९, ४९७, ७४५, ९९३, १२४१, १४८९. यातली १२४१ फसवी, मूळ वाटते पण ती १७ × ७३ आहे. मूळ फक्त १४८९.

३११ ने भागा : भागाकार ६९०५०९२, बाकी ३५. १३०३ ने : १६४८१०७, बाकी २२६. १४८९ ने : १४४२२३२, बाकी १९९. तीन झाले. उरलेले सत्तर-ऐंशी असेच करत गेलात तर एकदाही बाकी शून्य येणार नाही. मी एका दिवाळीच्या सुट्टीत सोळापर्यंत पोचलो होतो, मग फराळ आडवा आला.

आता इतकी मेहनत लागत नाही ना?

नाही. एदुआर्द ल्युका यानं १८७०च्या दशकात एक युक्ती काढली आणि पुढे डेरिक लेहमरनं ती घासूनपुसून लख्ख केली. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करून २ वजा करायचे, संख्येनं भागून बाकी ठेवायची. घातापेक्षा दोन कमी वेळा हे करून शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ.

लहान उदाहरण ३१ चं, म्हणजे २^५ − १ चं. तीन वेळा करायचं : ४ चे १४. १४ चे १९४, ३१ ने भागून बाकी ८. ८ चे ६२, बाकी ०. झालं. आपल्या संख्येसाठी हेच २९ वेळा. मर्सेन जातीच्या मोठमोठ्या मूळ संख्या आजही याच कसोटीवर उतरतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३६२७९८४१ − १ तब्बल ४ कोटी १० लाखांहून जास्त अंकांची आहे.

'लीलावती'त ही संख्या आहे असं ऐकलं. खरं का?

अगदी हीच नाही, हिच्याहून एकानं कमी. मला विचाराल तर या पानावरचा सगळ्यात सुंदर भाग हा आहे.

भास्कराचार्यांच्या ११५०च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त श्रेढीच्या प्रकरणात एक उदाहरण येतं. एका दात्यानं पहिल्या दिवशी याचकाला दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट द्यायचं वचन दिलं. महिन्याभरात किती निष्क होतील?

तीस दिवसांची बेरीज २ + ४ + ८ + … अशी २^३० पर्यंत. ती येते २१४७४८३६४६ कवड्या. आपल्या संख्येला एक कवडी कमी. दात्यानं आदल्या संध्याकाळी बोहनी म्हणून एक कवडी टाकली असती, तर आठशे वर्षांनंतर संगणक जिथे अडखळणार होते नेमका तो आकडा आला असता.

उत्तर मात्र निष्कात हवं. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे निष्काला २०४८० कवड्या. भागून पाहा : १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. दात्याचं दिवाळं.

या उत्तराहूनही सरस आहे ती भास्कराचार्यांची रीत. तीस वेळा दोन गुणत बसू नका, म्हणतात. दिवसांची संख्या सम असेल तर निम्मी करा आणि बाजूला 'वर्ग' लिहा. विषम असेल तर एक कमी करा आणि 'गुण' लिहा. ३० चे १५, वर्ग. १५ चे १४, गुण. १४ चे ७, वर्ग. ७ चे ६, गुण. ६ चे ३, वर्ग. ३ चे २, गुण. २ चा १, वर्ग. १ चा ०, गुण. आता खालून वर चढा : २, ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८, १०७३७४१८२४. आठ पायऱ्यांत २^३० हातात. एक वजा करा, पहिल्या पदानं म्हणजे २ नं गुणा, की बेरीज तयार. छंदशास्त्रातल्या पिंगलापासून आलेली ही कल्पना आज प्रत्येक संगणक मोठे घात काढताना वापरतो. तुमचा ब्राउझर बँकेच्या साइटशी सुरक्षित बोलणी करतो, तेव्हाही वर्ग-गुण, वर्ग-गुण असंच काहीसं चाललेलं असतं.

या २१४७४८३६४६ चे अवयव भरगच्च आहेत : २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. एक कवडी घातली की सगळे अवयव नाहीसे.

परिपूर्ण संख्येशी हिचा काय संबंध?

६ चे स्वतःहून लहान विभाजक १, २, ३, त्यांची बेरीज ६. २८ चंही तसंच. अशांना परिपूर्ण संख्या म्हणतात. २^न − १ मूळ असेल तर तिला २^(न−१) ने गुणून परिपूर्ण संख्या मिळते हे युक्लिडनं दाखवलं होतं. सम परिपूर्ण संख्या दुसऱ्या कुठल्या वाटेनं येतच नाहीत, हे पुढे ऑयलरनं दाखवलं. आपल्या संख्येपासून आठवी परिपूर्ण संख्या तयार होते : २३०५८४३००८१३९९५२१२८.

पीटर बार्लो नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १८११ मध्ये लिहून ठेवलं की यापेक्षा मोठी परिपूर्ण संख्या कुणी शोधणार नाही, कारण त्या नुसत्या गमतीच्या, उपयोगाच्या नाहीत. १८७६ मध्ये ल्युकानं २^१२७ − १ मूळ असल्याचं दाखवलं आणि बार्लोचं भाकीत ७७ अंकी परिपूर्ण संख्येखाली गाडलं गेलं. बार्लोचे गणिती तक्ते पुढे दीडशे वर्षं वापरात राहिले. बिचाऱ्याची आठवण मात्र या एका वाक्यासाठी निघते.

३ मूळ, २^३ − १ = ७ मूळ, २^७ − १ = १२७ मूळ. मग २^(२१४७४८३६४७) − १ सुद्धा मूळ असेल?

मोह होतोच, पण नाही. ही संख्या लिहायची तर जवळपास ६४ कोटी ६५ लाख अंक लागतील, आणि तरीही तिचा एक विभाजक आपण एका ओळीत लिहू शकतो : २९५२५७५२६६२६०३१. गाय हॉवर्थ यांना तो १९८३ मध्ये सापडला. ऑयलरच्या पहिल्या चाळणीचाच नियम इथे चालतो. विभाजकातून १ वजा केला की २१४७४८३६४७ च्या दुपटीनं भाग जायला हवा. जातो. २९५२५७५२६६२६०३० म्हणजे १३७४९० × २१४७४८३६४७.

मूळ असण्याचा संगणकाला कुठे फायदा झाला म्हणालात?

यादृच्छिक संख्या तयार करण्यात. म्हणजे खेळात फासा टाकायचा, नमुना निवडायचा, तिथे लागणाऱ्या. लेहमरच्या पद्धतीत एक संख्या घ्यायची, तिला ठरलेल्या गुणकानं गुणायचं, २१४७४८३६४७ नं भागायचं आणि बाकी हीच पुढची संख्या. गुणक १६८०७, म्हणजे ७ चा पाचवा घात. १ पासून निघालात तर १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३, ९८४९४३६५८… असा क्रम येतो, आणि पाहणाऱ्याला त्यात काही सूत्र दिसत नाही.

आयबीएमच्या ३६० मालिकेच्या संगणकांसाठी ही रीत १९६९ मध्ये सुचवली गेली. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी 'निदान एवढी तरी वापरा' म्हणून तिची शिफारस केली. भाजक मूळ आणि गुणक नीट निवडलेला, म्हणून १ ते २१४७४८३६४६ मधली प्रत्येक संख्या एकेकदा येऊन गेल्याशिवाय चक्र पुरं होत नाही. म्हणजे चक्राची लांबी बरोबर भास्कराचार्यांच्या कवड्यांइतकी. आजच्या गरजांना ती तोकडी पडते. पासवर्ड वगैरेंसाठी तर ही रीत मुळीच वापरू नका, मागच्या एका संख्येवरून पुढची सगळी माळ काढता येते.

मूळ संख्यांच्या रांगेत हिचा नंबर कितवा?

१०५०९७५६५वा. आधीची मूळ संख्या २१४७४८३६२९, नंतरची २१४७४८३६५९. जुळी मूळ संख्या नाही. दोनानं मागे गेलं तर शेवटी ५, दोनानं पुढे गेलं तर २१४७४८३६४९, आणि ती ३ × ७१५८२७८८३. यातली दुसरी पुन्हा मूळ.

हर्षद संख्या आहे का?

नाही. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी हर्षद हे नाव दिलं ते स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्यांना. इथे अंकांची बेरीज ४६. मूळ संख्येला ४६ काय भागणार? एक अंकी सोडल्या तर कुठलीच मूळ संख्या हर्षद नसते.

'गंगनम स्टाइल'नं यूट्यूब बंद पाडलं होतं म्हणे?

बंद पडलं नव्हतं. डिसेंबर २०१४ मध्ये त्या व्हिडिओच्या प्रेक्षकसंख्येनं २१४७४८३६४७ ओलांडली आणि मोजणी ६४ घरांवर नेल्याचं यूट्यूबनं थोडं मिरवून सांगितलं. आता ती मर्यादा ९२ परार्धांच्या पुढे आहे, वर सांगितलेली ७ नं भाग जाणारी. (परार्ध म्हणजे १ वर सतरा शून्यं. 'लीलावती'तल्या संख्यानामांत शेवटचं.)

२०३८ मध्ये काय होणार आहे?

पुष्कळ संगणक १ जानेवारी १९७० पासून (ग्रिनिचची मध्यरात्र, आपले पहाटेचे साडेपाच) किती सेकंद गेले ते मोजून वेळ ठेवतात. २१४७४८३६४७ सेकंद म्हणजे ६८ वर्षं आणि थोडे दिवस. ते संपतात मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला ३२ घरांचा गणक ऋण होईल आणि त्या यंत्राला वाटेल डिसेंबर १९०१ उजाडलाय.

फोन आणि लॅपटॉप बहुतेक ६४ घरांवर गेले आहेत. काळजी आहे ती भिंतीत, लिफ्टमध्ये, कारखान्यात गाडून ठेवलेल्या यंत्रांची, ज्यांना कुणी अपडेट देत नाही. शिवाय पुढच्या तारखा आजच मोजणाऱ्यांना २०३८ पर्यंत थांबावं लागत नाही. वीस वर्षांच्या गृहकर्जाचे हप्ते मांडणारा प्रोग्रॅम २०१८ मध्येच त्या तारखेला जाऊन भिडला.

२४८ हा आकडा विमानांच्या बाबतीतही ऐकला. त्याचा ऑयलरच्या २४८ शी संबंध आहे?

नाही, पण विचारलंत ते बरं झालं. २१४७४८३६४७ शतांश सेकंद म्हणजे साधारण साडेदोनशे दिवसांना थोडे कमी, नेमके २४८ दिवस आणि तेरा तास. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकानं बोइंग ७८७ बद्दल आदेश काढला : वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनित्रांचे नियंत्रक एकदम बंद पडू शकतात, तेव्हा त्याआधीच वीज बंद करून पुन्हा चालू करा. ऑयलरचा २४८ आला ३१ गुणिले ८ मधून, विमानाचा आला दिवसाच्या ८६४०० सेकंदांमधून. दोघांची भेट निव्वळ अपघाती. तरी गेल्या बॅचमधल्या एका मुलीनं वहीत दोन्ही २४८ भोवती लाल गोल करून मध्ये प्रश्नचिन्ह काढलं होतं, ते मी खोडायला लावलं नाही.